भिंतीतल्या सात ताटल्या

सन १९३७, वैशाख वद्य चतुर्थी. बैठकीच्या भिंतीत बसवलेल्या चिनी मातीच्या सात ताटल्या न फोडता उतरवून घ्यायच्या, हे त्या सकाळचं काम. गवंडी शिडीवर होता. मी खाली चौपदरी गोधडी पसरून उभी होते. तो छिन्नीने ताटलीभोवतीचा चुना उकरायचा, ताटली हलायला लागली की म्हणायचा, "धरा बाई," आणि मी गोधडी वर करायची.

पुतणीचं लग्न दोन दिवसांवर आलेलं असताना भिंत उकरायची हौस कुणाला नसते. पण आदल्या दुपारी गिलाव्याचा मोठा पापुद्रा आपोआप सुटला आणि खाली बसलेल्या पाहुण्यांच्या पानाच्या तबकात पडला. बाकीची भिंतही फुगली होती. बोटाने वाजवली की पोकळ बोलायची. त्याच भिंतीखाली एदलाबादचे व्याही बसणार होते. पुरुष मंडळी मांडव आणि बैलगाड्या यांच्या मागे. तेव्हा गवंड्याला बोलावणं, चुना मळून घेणं, ताटल्या उतरवणं, धुणं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या चुन्यात परत बसवून घेणं, हे सगळं माझ्याकडे आलं. अशी कामं माझ्याकडेच येत. मला ती आवडतही.

या ताटल्यांमुळे जळगावात आम्हाला 'चीनवाले' म्हणत. आमची शेती कापसाची. माझे आजेसासरे तरुणपणी मुंबईच्या एका व्यापाऱ्याच्या कापसाच्या गाठींबरोबर जहाजाने चीनला गेले आणि येताना सहा ताटल्या घेऊन आले, असं सांगत. त्यांनीच त्या दाराच्या वर कमानीसारख्या चुन्यात पक्क्या बसवून घेतल्या. पांढऱ्यावर निळं चित्र. वळलेल्या कोपऱ्यांच्या छपराचं घर, पूल, पुलावर तीन माणसं, वर दोन पाखरं. सहाही ताटल्यांवर तेच चित्र. दिवाळीत शेजारपाजारच्या बायका मुलांना घेऊन बघायला येत आणि सासूबाई खालून काठीने दाखवत: "हा चीनचा पूल. हे चीनचं झाड." सासूबाईंना आम्ही दोघी सुना आत्या म्हणत असू.

सातवी ताटली बाजूला, दिव्याच्या कोनाड्याजवळ. ती माझ्या धाकट्या जावेच्या माहेरची. लग्नात तिच्या रुखवतात आली होती. तिच्यावर चित्र असं जवळजवळ काही उरलं नव्हतं. मध्यभागी एका बाईचा पंखा धरलेला हात, खाली तिच्या वस्त्राच्या तांबड्या काठाचा एक तुकडा, बाकी सगळं पांढरं. आमच्या घरात तिचं नावच 'पांढरी' पडलं होतं.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझं माहेर धुळ्याचं. वडिलांचं कपबशा आणि बरण्यांचं दुकान होतं. माल पेंढ्यात गुंडाळून खोक्यांतून यायचा. तो सोडवायला मी असायची. नखाने वाजवून तडा ओळखणं आणि खोक्यावरची इंग्रजी अक्षरं वाचणं मी तिथेच शिकले. पण तो माल नवा. जुन्या मालाची ओळख मला पुढे जळगावात झाली. आमचा कापूस ज्या जिनिंगमध्ये जायचा, तिथल्या मॅनेजरच्या पारशी बाईंकडे त्यांच्या आजोबांच्या वेळच्या चिनी ताटल्यांनी भरलेलं कपाट होतं. मी हळद-मिरची द्यायला जायची आणि तिथेच रमायची. त्या बाईंनी मला बघायला शिकवलं. त्या म्हणायच्या, "आधी पालथी कर. तोंड सगळ्यांचं चांगलंच असतं."

पालथी केली की खालचं गोल कडं बघायचं, ज्यावर ताटली टेकते ते. जुन्या ताटलीचं कडं बिनझिलईचं, म्हणजे वरचा काचेसारखा थर नसलेलं असतं, हाताला वाळूसारखं लागतं, भट्टीत थोडं तांबूस झालेलं असतं. तळाशी चिनी अक्षरं असली तरी त्यांवर वय ठरवायचं नाही; जुन्या राजाच्या नावाची अक्षरं नवा कारागीरही काढतो. मग चित्र. छापाचं चित्र असेल तर काठाची नक्षी फिरत फिरत जिथे परत येऊन मिळते, तिथे सांधा चुकतो, एखादं फूल अर्धं कापलं जातं. रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जाडीची राहते. हाताने काढलेल्या चित्रात रेघ सुरू होताना बारीक, मध्ये भरते, उचलताना पुन्हा बारीक होते. चांगल्या कारागिराचा हात पाकळी काढताना मध्येच थांबत नाही. थांबला असेल तर तिथे रंगाचा ठिपका साचतो. भाजलेल्या झिलईवर मागाहून चढवलेला रंग बोटाला किंचित वर आलेला लागतो. आणि शेवटी झीज. ती कुठे आहे ते बघायचं. टेकण्याच्या कड्यावर, मध्यभागी, काठावर झीज असली तर ती वापराची. सगळीकडे सारखी असली तर ती वयाने आलेली नाही. कुणीतरी केलेली आहे.

एवढ्या शिदोरीवर मी जळगावात जाणकार झाले. लोक बोलवायला लागले. वकिलाच्या बायकोने तळाला सहा चिनी अक्षरं असलेली ताटली मोठ्या तोऱ्याने काढली, तेव्हा मी ती फिरवून सांध्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "वहिनी, हिचं वय तुमच्या धाकट्याएवढं असेल." बायका खो खो हसल्या. वकिलीणबाईंनी त्यानंतर मला हळदीकुंकवाला बोलावलं नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. खरं ते खरं, अशी माझी समजूत होती.

आमच्या भिंतीवरच्या ताटल्या मात्र मी कधी पालथ्या केल्या नव्हत्या. त्या चुन्यात बसलेल्या. काठही बोटभर गिलाव्याखाली गेलेला, म्हणजे नक्षीचा सांधा दिसण्याचा प्रश्नच नव्हता. वर्षातून दोनदा, पाडव्याला आणि दिवाळीला, मी शिडीवर चढून त्या घासायची. घासायची म्हणजे आमच्या घरात सगळं जसं घासत तशी: चुलीतली राख, चिंच आणि नारळाची शेंडी. तांब्या-पितळेला तेच, काशाला तेच, ताटल्यांनाही तेच. आत्यांनी तसंच करत आणलं होतं, त्यांच्या सासूनेही.

धाकटी सोनगीरची, तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या गावची. तिचं लग्न होऊन पहिली दिवाळी आली, तेव्हा मी शिडीवर चढले आणि ती खाली पाण्याची बादली धरून उभी राहिली. मी तिच्या ताटलीला राख लावायला घेतली तशी ती आपल्या अहिराणीत म्हणाली, "अक्का, हिले राख लावू नका. मना बापनी सांगेल शे. नुसतं पानी."

तिच्या वडिलांचा वाडीवजा मळा आग्रा रस्त्याला लागून. एकदा इंदुराकडून मुंबईला निघालेल्या एका कुटुंबाची गाडी तिथे मोडली आणि ते लोक काही दिवस त्यांच्या खळ्यात राहिले. जाताना त्यांच्यातल्या म्हाताऱ्या बाईने ही ताटली दिली आणि राख लावू नका म्हणून बजावलं. एवढंच धाकटीला ठाऊक होतं, आणि तेवढंच तिने सांगितलं.

आत्या ओसरीवरून ऐकत होत्या. "ऐका! सोनगीरची पोर. गावभर पितळ घासतात आणि हिच्या ताटलीला राख नको. राखेशिवाय भांडं निघतं का कधी? नुसत्या पाण्याने तोंडही निघत नाही." सगळे हसले. मीही हसले आणि राख लावली.

दोन-चार वर्षांत धाकटीच्या ताटलीचा रंग उतरायला लागला. आमच्या सहा निळ्या तशाच झळझळीत. मग आत्यांना विषय मिळाला. सण आला की धाकटीच्या बापाची ताटली निघायची. "आमच्या मामंजींची बघा, आणि व्याहीबुवांची बघा. जत्रेतली घेऊन रंग लावून दिली असेल." एका दिवाळीत ताटल्या बघायला आलेल्या बायकांसमोर त्यांनी मला विचारलं, "मोठे, तू जाणकार. सांग बरं, ही अशी का झाली?" मी शिडीवरून उतरत होते, हात राखेने भरलेले. मी वर बघितलंही नाही. म्हटलं, "रंग उडतो म्हणजे माल कच्चा. चांगल्या मालाचा रंग उडत नाही." धाकटी तेव्हा बायकांना पानसुपारी देत होती. तिचा हात थांबला नाही. पुढच्या बाईला तिने सुपारी दिली.

आता तिच्याच मुलीचं लग्न. आत्यांनी स्वतःहून ठरवलं की नातीच्या रुखवतात आपल्या निळ्यांतली एक द्यायची. "धाकटीची ती नको. एदलाबादची माणसं हसतील. आईचं झालं तेवढं पुरे, पोरीचं तरी तोंड वर राहू दे." विहिणीला त्यांनी तसा निरोपही धाडला होता.

तर त्या सकाळी गवंड्याने एकेक ताटली सोडवून माझ्या गोधडीत टाकली. मी त्या मागच्या अंगणात नेल्या, परातीत पाणी घेतलं आणि पहिली निळी ताटली पाण्यात धरली. मागचा चुना बांबूच्या काडीने खरवडत होते. सवयीने पालथीच केली होती.

चुना निघाला आणि खालून निळा शिक्का आला. एक मुकुट, खाली फीत, फितीत इंग्रजी अक्षरं. ती अक्षरं मला वाचायचीही गरज नव्हती. वडिलांच्या दुकानातल्या विलायती कपबशांखाली असाच मुकुट, अशीच फीत असायची. कडं गुळगुळीत, झिलईने मढलेलं. मग पुढची बाजू केली. काठाचा गिलावा काढला, नक्षीवरून बोट फिरवत गेले, आणि सांधा सापडला. एक फूल मधोमध कापलेलं. दुसरी ताटली घेतली. तिसरी. सहाही तशाच. पुलावरच्या तीन माणसांच्या रेघा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारख्या. चित्र चीनचं, पण छापलेलं, विलायतेत, आणि वर झिलई. म्हणूनच राख-चिंचेने त्याला काही झालं नव्हतं.

आजेसासऱ्यांचं मला तेवढं वाईट वाटलं नाही. ते जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. पण परातीशेजारी सातवी पडली होती, आणि तिला हात लावायला मी टाळत होते, हे माझ्या लक्षात आलं.

ती पालथी केली. कडं उघडं, खरखरीत, तांबूस. त्यात भट्टीतल्या वाळूचे दोन कण चिकटलेले. तळाला शिक्का नाही, अक्षर नाही. मग काठ. चुन्याखाली बोटभर काठ वीस वर्षं झाकलेला होता, राख तिथे पोचली नव्हती. मी काडी टाकून दिली आणि नुसत्या ओल्या बोटाने चुना काढत गेले. खालून गुलाबी फूल आलं. पाकळीच्या टोकाला गडद, आत जाता जाता फिकट, बुडाशी पांढरं. रंग बोटाला वर आलेला लागत होता, म्हणजे झिलईवर मागाहून चढवलेला. पानांना दोन हिरवे. पुढे एक फुलपाखरू. त्याच्या मिशा इतक्या बारीक, की कारागिराने श्वास धरून काढल्या असतील. एकही रेघ मध्ये थांबलेली नव्हती. काठाला सोनेरी पट्टी. पारशी बाईंच्या कपाटातही मी इतका चांगला हात एकदोनदाच पाहिला होता.

मग ताटली उन्हात तिरकी धरली. पांढऱ्या भागावर, जिथे रंग गेला होता तिथे, झिलईवर मळकट खुणा उरल्या होत्या. ओली काच सुकल्यावर राहतात तशा. बाई पूर्ण दिसली. झाडाखाली बसलेली, एका हातात पंखा, शेजारी मूल, मुलाच्या हातात कमळ. मागे जाळीची खिडकी. सगळं होतं तिथे, फक्त रंग नव्हता. आणि झीज सगळीकडे सारखी होती. मध्यभागी जेवढी, कडेला तेवढी, चुन्याच्या रेषेपर्यंत. आणि रेषेपलीकडे काहीच नाही. कुणीतरी केलेली झीज. मला तो हात शोधायला लांब जायचं नव्हतं. माझ्याच हातांत ताटली होती.

सातही पुसून सुपात ठेवल्या आणि आत्यांकडे गेले. त्या पानाला चुना लावत होत्या.

"आत्या, आपल्या सहा चीनच्या नाहीत."

"मग कुठल्या?"

"विलायती. छापाच्या. मागे कारखान्याचा शिक्का आहे."

"शिक्का पुढून दिसतो?"

"नाही."

"मग?"

मी म्हटलं, "आणि धाकटीची खरी आहे. चीनची, जुनी, हाताने रंगवलेली. फार चांगली होती. रंग आपण घासून घालवला."

त्यांनी पान दुमडलं. "कोण घासायचं?"

"मी."

"मग 'आपण' कशाला म्हणतेस?"

त्यांनी पान गालात धरलं आणि जरा हळू आवाजात बोलल्या. "हे बघ मोठे. मामंजी चीनला गेले का मुंबईच्या गोदीवरून परत आले, ते बघायला मी नव्हते. मी आले तेव्हा ताटल्या भिंतीत होत्या. लोक म्हणायचे चीनच्या, मी म्हटलं चीनच्या. परवा लग्न आहे. एक ताटली रुखवतात येणार, हे मी विहिणीला कळवून बसलेय. उद्या भिंतीला लाव आणि गप राहा. पालथं घालायचं ते बाहेरच्यांचं घाल."

वकिलीणबाई मला आठवल्या. त्यांचा चेहरा तेव्हा मी नीट बघितलाच नव्हता.

धाकटी कोठीत रुखवताच्या शेवया टोपलीत भरत होती. मी दार लोटलं आणि तिच्यासमोर ताटली धरली. काही बोलायच्या आत तिने काठ बघितला. हात पदराला पुसले, एक बोट फुलपाखरावर ठेवलं, आणि बराच वेळ तिथेच ठेवलं.

"हाई फुलपाखरू मी इसरीच गयी व्हती," ती म्हणाली.

मी तिला सगळं सांगितलं. सहा कुठल्या, सातवी कुठली, रंग कशाने गेला. मला वाटलं होतं ती रडेल किंवा भांडेल. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती फक्त ऐकत होती आणि मधूनच शेवया चेपत होती. मग म्हणाली, "अक्का, तुम्ही आख्खा जळगावन्या ताटल्या पालथ्या करी करी देख्यात. घरनी एक कसाले नही देखी?"

"भिंतीत होती."

"भितमा लावाना आधी नव्हती. मना रुखवतमा व्हती. चार दिन पाटवर पडेल व्हती."

ते खरं होतं. तिच्या लग्नात ती ताटली चार दिवस पाटावर मांडलेली होती. मी तिच्यावरून कितीदा गेले असेन. सोनगीरहून येऊन येऊन काय येणार, असं म्हणून मी ती हातातसुद्धा घेतली नव्हती. पारशी बाईंच्या कपाटातली असती तर दोन्ही हातांनी घेतली असती.

मी म्हटलं, "आता तरी ऐक. रुखवतात हीच ठेवू. कुणी काही विचारलं तर मी सांगते. माझ्या तोंडून सांगितलेलं लोक ऐकतात."

"ऐकतस ना. मना बापना माल कच्चा, ते बी ऐकं बठ्ठासनी." सगळ्यांनी तेही ऐकलं होतंच; पण हे ती चढ्या आवाजात बोलली नाही. शेवयांची टोपली बाजूला सरकवली. "तुम्ही तठे कितला दिन ऱ्हाशात सांगाले? लगीनना दिन. मंग? मनी पोर रोज उठीसन सासूले सांगत बसी का, का हाई पांढरी शे पन चांगली शे? लोके पुढूनच देखतस. चकचकीतच द्या तिले."

"ती छापाची आहे, धाकटे."

"ऱ्हाऊ द्या. तिले काय व्हत नही ना? मंग ती चांगलीच." मग ती उठली आणि ताटली माझ्या हातून घेतली. "एक करा. हाई परत भितमा लावू नका. आनि निळ्यासनं कोनले सांगू नका, पोरनं लगीन व्हई जाऊ द्या. इतलंच."

तिने ती आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि धान्याच्या कणगीमागे ठेवून दिली. मी कोठीतून बाहेर आले. बाकीचा दिवस मांडवाच्या कामात गेला. कुणी काही विचारलं की मी तोडून बोलत होते, आणि लोकांना ते नेहमीचंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच गवंडी ओला चुना घेऊन आला. "बाई, कोणती कुठे लावू?" मी त्याला पाच निळ्या दिल्या. कमान जरा आवळून घ्यायला सांगितली आणि कोनाड्याजवळचा खड्डा बुजवून सपाट करायला सांगितलं. तो कामाला लागला. तोवर बैठकीत रुखवत रचायला शेजारच्या बायका जमल्या. लाडवांचे मनोरे, करंज्या, रंगवलेल्या कुरड्या. धाकटी त्यांच्यात बसून रंगीत कागद कापत होती. आत्या आल्या, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पाच? एक रुखवतात. सातवी कुठे?"

एक शेजारीण म्हणाली, "बरं झालं ना काकू! ती पांढरी एकदाची गेली." दोघी-तिघी हसल्या.

मी म्हटलं, "गेली नाही. धाकटीची आहे, तिच्याकडे आहे. ती आपल्याकडची सगळ्यांत जुनी ताटली होती आणि चित्रही सगळ्यांत चांगलं होतं. तिने राख लावू नका म्हणून सांगितलं होतं. मी लावली. माल कच्चा नव्हता. मी न बघता बोलले होते."

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं मी आता निळ्यांवर येणार. मी आले नाही. धाकटी कागद कापत होती. ती मान वर न करता म्हणाली, "अक्का, ती कात्री द्या तेवढी. हाई बोथी शे." मी कात्री दिली. कुणीतरी करंज्यांचा विषय काढला आणि बोलणं पुन्हा सुरू झालं. मी सांगितलं त्यातलं किती कुणाच्या ध्यानात राहिलं, ठाऊक नाही. अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं अर्धं भिंतीवर ओल्या चुन्यात बसत होतं, आणि त्यातली एक निळी ताटली रुखवतासाठी माझ्या हातात होती.

नवरी मुलगी हळदीचे हात घेऊन आली. तिला ती ताटली फार आवडली होती. "मोठी आई, हिला धुवायला काय लावू? आई म्हणते ताटल्यांना राख लावू नये."

"हिला लाव," मी म्हटलं. "राख लाव, चिंच लाव, काहीही लाव. हिचं काही जात नाही."

ती खूश होऊन गेली. मी ताटली कोरड्या फडक्याने पुसली, रुखवताच्या मधोमध उभी केली, पाठ भिंतीला घट्ट टेकवून. खाली कणकेचा गोळा दाबला. मग पुढे लाडवांचं जड तबक सरकवलं, म्हणजे एदलाबादच्या कुणा बाईला ती सहज उचलून पालथी करता येऊ नये.